झाकण उघडायचं नाही

"नारायणा, आज तरी शिजवा हो. कालची डाळ गायीनंसुद्धा थुंकून टाकली."

लग्न होऊन अकोल्याला आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून हे ऐकलं. वाटलं, शेजाऱ्यांकडे नारायण नावाचा आचारी असावा आणि तो अगदीच बिनकामाचा असावा. टाचा उंचावून पाहिलं तर अंगणात एकटी बाई. नऊवारी, किडकिडीत बांधा, नाकावर पदराचं टोक. समोर घडवंचीवर एक लाकडी खोका, त्यावर काच, काचेमागे उभा केलेला आरसा. बाईंनी हात जोडले होते ते आभाळाकडे.

"काय बघतेस? फाटकातून ये," त्या वळूनही न पाहता म्हणाल्या. "वेडी नाही मी. वेडे आमचे मास्तर. मी नुसती त्यांची बायको."

या सिंधूकाकू. कमलाकांत मास्तरांच्या पत्नी. मास्तर शाळेत भूगोल आणि सायन्स शिकवायचे. घरात दोघंच. काकूंचं वय चाळिशीच्या अलीकडे, मूलबाळ नाही, आणि त्याबद्दल कुणी कीव केली की काकू म्हणायच्या, "आहे की एक. सहा फुटांचं. अजून सदऱ्याची बटणं चुकीची लावतं."

गल्लीत काकूंची ख्याती होती ती वरणाची. साधं तुरीचं वरण, हिंग, हळद, वर चमचाभर तूप. पण माझे सासरे, जे कधी कुणाला बरं म्हणत नसत, ते एकदा म्हणाले होते, "मास्तरांकडचं वरण जेवलं की वाटतं, भांडण उद्या करू."

त्याच वरणावर गदा आली होती. काकूंना दम्याचा आजार. चुलीपुढे बसलं की पाच मिनिटांत डोळे लाल, दहाव्या मिनिटाला खोकला, आणि मग तो थांबेचना. दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, "चूल किंवा छाती. दोहोंपैकी एकच राहील." स्टोव्ह आणून पाहिला. रॉकेलच्या वासानं उलट जास्तच धाप लागली.

तेव्हापासून पोळ्या मास्तर करायचे. पहाटे स्वयंपाकघराचं दार आतून लावून, खिडकी उघडी टाकून. त्यांची एकही पोळी गोल निघाली नाही.

"आज काय आहे?" काकू बाहेरून विचारायच्या.

"ब्रह्मदेश झालाय."

"अन काल?"

"कालची इटली होती. टाच तुटली."

पण वरण-भात, भाजी? आणि तेवढ्यात अमरावतीहून पत्र आलं. मास्तरांचे थोरले भाऊ मोरोपंत तिथे वकील. पत्र मात्र त्यांच्या पत्नीचं, गोदावरीबाईंचं, पेन्सिलीनं स्वहस्ते लिहिलेलं. काकूंनी ते मला इतक्यांदा वाचून दाखवलं की अजून पाठ आहे: "कमलाकांत भाऊजींना खानावळ मिळेल. सिंधूला दुसरी छाती मिळणार नाही. रथसप्तमीला मी स्वतः येते. तिची ट्रंक भरून ठेवावी. सोबत घेऊन जाईन."

"जाऊबाई मनानं वाईट नाहीत गं," काकू म्हणाल्या. "तिकडे स्वयंपाकीण आहे, पलंग घालतील, औषधपाणी करतील. पण पलंगावर बसून मी काय करू? दुसऱ्याच्या हातचं वरण जेवायचं अन 'छान झालंय' म्हणायचं? अन हे इथे खानावळीत. घर मोडतं ते भांडणानंच असं कुणी सांगितलं तुला? असंही मोडतं. सगळे चांगले वागून."

जाऊबाईंना उलट उत्तर देण्याची पद्धत नव्हती. मास्तरांनी एवढंच लिहिलं, "वहिनी, रथसप्तमीला आपण यावं. पोळ्या माझ्याकडे; बाकीचा सगळा स्वयंपाक सिंधूनं धुराशिवाय करून वाढला, तर ट्रंक राहू द्यावी." उलटटपाली एका ओळीचं उत्तर: "बघू."

म्हणून तो खोका. दिल्लीला कुणी उन्हावर चालणारी चूल केल्याचं मास्तरांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. "दिल्लीच्या उन्हात शिजतं, तर अकोल्याच्या उन्हात करपायला पाहिजे," असं म्हणून ते दिवाळीच्या सुटीत कामाला लागले. बाहेर लाकडी खोका, आत पत्र्याचा डबा, डबा आतून काळा रंगवलेला. दोहोंच्या मधल्या पोकळीत कापसाच्या जिनिंगमधून आणलेली खराब रुई ठासून भरली. "थंडीत गादी आपल्याला ऊब देते, तीच रुई डब्याला देईल," मास्तर समजावायचे. वर दोन काचा आणि एका बाजूला आरसा, तो काकूंच्या लग्नातल्या शृंगारपेटीचा.

"आता भांग कशात पाहू?" काकूंनी विचारलं.

"वरणात पाहा. इतकं नितळ होईल."

नितळ सोडा, ते शिजतच नव्हतं. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. डाळ सकाळी टाकावी, संध्याकाळी ती कोमट पाण्यात जशीच्या तशी. मास्तरांनी खोक्याचा कोन बदलला, रुई बदलली, काचेच्या कडांना कणीक लावली. घरातली लोखंडी कढई ठेवून पाहावी म्हटलं, तर तिचे कान काचेला अडत. काकू एकीकडे काच पुसत आणि दुसरीकडे ट्रंकेत एकेक लुगडं ठेवत. दोन्ही कामं सारखंच मन लावून. ट्रंक ओसरीवर असायची. येता-जाता तिचा कोपरा पायाला लागायचा.

आणि मग रुख्मिणीबाई आल्या.

रुख्मिणीबाई मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातल्या. घरची आठ एकर काळी जमीन, नवरा नत्थुजी शेतावर आणि त्या आठवड्यातून एकदा तुपाचा डबा घेऊन अकोल्यात. त्यांनी तुपाचा डबा ओसरीवर ठेवला, कंबरेवर हात ठेवला आणि खोक्यात वाकून पाहिलं. आत काकूंच्या माहेरचा पितळेचा गंज. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. चिंच आणि राख लावून काकूंनी तो असा घासलेला असायचा की त्यात तोंड दिसावं. "भांड्याचं बूड म्हणजे बाईचा चेहरा," असं त्यांच्या आईनं शिकवलेलं, आणि जाऊबाईंचं तर सगळ्या नात्यात नाव होतं, की त्या कुणाकडेही गेल्या की पहिल्यांदा भांडी उलटी करून पाहतात.

"बाई," रुख्मिणीबाई म्हणाल्या, "हे भांडं तुमी इतकं काहून घासून राहिल्या?"

"मग? कळकट ठेवू?"

"थो सूर्य बिचारा उतरते खाली, अन तुमी त्याच्या तोंडासमोर आरसा धरता. आल्या पावली वापस जाईन नाई त काय करन?"

मास्तर तपासायच्या वह्या बाजूला ठेवून उठले.

"मास्तर, चैताच्या महिन्यात तुमी कधी अनवानी वावरात गेले?"

"नाही बुवा."

"या एकदा. आमच्या काळ्या वावरात दुपारी पाय ठेवला त फोड येते. अन शेजारीच चुनखडीचं पांढरं रान हाये, तिथं उभं राहा अन तमाखू मळा. ऊन तेच, सूर्य तोच. काळी जमीन ऊन पिते. पांढरी थुकते."

मास्तरांनी एकदा काळ्या डब्याकडे पाहिलं, एकदा चकचकीत गंजाकडे. मग स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाले, "वीस वर्षं पोरांना हेच शिकवतो आहे. परीक्षेत प्रश्नही विचारतो. डबा काळा केला अन भांडं..."

"भांडं बाईचं असते ना," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "थे तुमाले कसं दिसन?"

पण खरी अडचण पुढे होती. गंज काळा करायचा म्हणजे सिंधूकाकूंनी आपल्या हातानं आपल्या आईचा गंज कळकट करायचा. तोही अशा वेळी, जेव्हा भांडी उलटी करून पाहणारी बाई यायची होती. काकू दोन दिवस तो गंज मांडीवर घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. "तुझ्याकडे एरंडेल आहे? काजळ धरायचंय."

काजळ कशाला, हे मी विचारलं नाही. बारशाच्या घरात धरतात तसं आम्ही माझ्या ओसरीवर धरलं, काकूंना धूर नको म्हणून. दिव्यावर तांब्याचं ताट उपडं घातलं, चार वाती जाळल्या. ते काजळ जवसाच्या तेलात खललं, आणि काकूंनी बोटानं गंजाला बाहेरून लावलं. आत नाही, फक्त बाहेरून आणि झाकणावर. दोन दिवस वाळू दिलं. लावताना काकू मध्येच म्हणाल्या, "आमच्या घरासाठी काजळ पहिल्यांदाच धरलं." आणि लगेच, "बघ गं, कानामागे राहिलं का कुठे?" गंजाच्या काठाला त्या कान म्हणाल्या. मी पाहिलं आणि म्हटलं, "नाही राहिलं."

गंज वाळल्यावर डाळ साडेनऊला टाकली. अकरा वाजता काचेवर आतून वाफेचे थेंब जमले. काकूंचा हात झाकणाकडे गेला.

"उघडायचं नाही!" मास्तर ओरडले.

"अहो, नुसती बघते. मीठ..."

"सिंधू, उष्णता म्हणजे वर्गातली पोरं. दार उघडलं की पळाली. परत गोळा करायला पाव तास जातो."

चाळिशीला टेकलेल्या बाईला, जी जन्मभर चव घेत, ढवळत, वाफ हुंगत शिजवत आली, तिला पाठीमागे हात बांधून बसायला लावणं सोपं नव्हतं. पण एक वाजता झाकण निघालं आणि डाळ बोटांत अशी विरघळली की काकूंनी ती मास्तरांच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाल्या, "तुमच्या दिल्लीवाल्यांना सांगा."

त्यानंतरचे दिवस म्हणजे उन्हाचा संसार. सकाळची तूर, मग भात, मग भाजी. चार वाजता उरलेल्या उन्हात अंघोळीच्या पाण्याचा काळा डबा. मास्तरांनी खोका घडवंचीवरून खाली घेतला आणि अंगणातल्या फरशीवर शाळेच्या खडूनं रेघा आखल्या. दर अर्ध्या तासाला खोका एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर सरकवायचा, म्हणजे आरसा सूर्याकडे राहतो. काकू त्या रेघांना स्टेशनं म्हणायच्या. "बोरगाव आलं. ... मूर्तिजापूर आलं. ... बडनेऱ्याला भात टाकायचा." ढग आला की दोघंही आभाळाकडे असे बघायचे, जसा जावई रुसलाय. आणि कुणाला उन्हातलं काय द्यायचं यावरून भांडायचेही. मास्तरांना दुपारचा चहा उन्हावर करून पाहायचा होता. काकू म्हणाल्या, "मग भात कच्चा खा. नारायण एकच आहे, त्याला किती कामं सांगाल?"

त्या वर्षी रथसप्तमी नेमकी सव्वीस जानेवारीला, रविवारी आली. आदल्या संध्याकाळी जाऊबाई आल्या. मोरोपंतांनी बडनेऱ्याला गाडीत बसवून दिलं होतं, इकडे मास्तर उतरवून घ्यायला गेले. उंच, गोऱ्या, हातात गोठ-पाटल्या, आवाज असा की टांगेवाला घोड्याच्या आधी थांबावा. ओसरीवरच्या ट्रंकेकडे पाहून म्हणाल्या, "भरली का?"

"भरली," काकू म्हणाल्या.

"उद्या चारची गाडी आहे."

"उद्या दुपारी जेवण आहे, जाऊबाई."

"बघू."

सकाळी मी फुलं द्यायला म्हणून गेले. खरं सांगायचं तर पाहायला गेले. मास्तर झेंडावंदनासाठी शाळेत गेले होते. अंगणात गोवरीच्या विस्तवावर बोळक्यात दूध ठेवलेलं, सूर्याला नैवेद्य म्हणून ते उतू जाऊ द्यायचं. तिथे जाऊबाई स्वतः बसल्या होत्या. काकूंना त्यांनी धुरापासून दूर, ओसरीपुढच्या वट्ट्याच्या टोकाला बसवलं होतं. आणि काकूंच्या मांडीवर तो गंज.

लखलखीत. सोन्यासारखा. त्यात काकूंचं तोंड दिसत होतं आणि ते तोंड पाहवत नव्हतं.

"पहाटे उठून घासला," जाऊबाई दुधावरची नजर न काढता म्हणाल्या. "काय गं ही अवस्था करून ठेवलीस माहेरच्या भांड्याची! चिकट, चिकट! चिंच लावली, राख लावली, वीट घासली. खांदे दुखून आले. आजारपणात राहतं माणसाचं, मी नाही म्हणत नाही. पण मला लिहायचंस."

"छान निघालाय हो," काकू म्हणाल्या.

माझ्या हातातली फुलं सांडली. पुन्हा काजळ धरायचं, तेलात खलायचं, दोन दिवस वाळवायचं. आणि हातात चार वाजेपर्यंतचा वेळ. मी तोंड उघडणार एवढ्यात फाटकातून रुख्मिणीबाई तुपाचा डबा घेऊन आत आल्या आणि थबकल्या.

"बाप्पा! याले गोरं कोनं केलं?"

मग सगळं बाहेर आलं. जाऊबाईंनी ते ऐकून घेतलं, अर्धं विश्वासानं, अर्धं संशयानं. "मुद्दाम काळा केला होता? भांडं?" त्यांना ते पटेना. पण त्या मागे हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. "बरं, चुकलं माझं. त्यात काय एवढं? मी चुलीवर करते सगळं. दोन तासांचं काम. तू बाहेर बस. जेवू अन निघू."

झालं. ठरल्याप्रमाणे धुराशिवाय स्वयंपाक झाला नाही, म्हणजे ट्रंक निघाली. काकूंनी मान खाली घातली. मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांची नजर हळूहळू वट्ट्यावरून स्वयंपाकघराच्या फळीवर गेली. तिथे संक्रांतीची सुगडं होती. बायाबायांनी एकमेकींना वाण म्हणून दिलेली मातीची छोटी बोळकी. आमच्या गल्लीतला कुंभार आवा, म्हणजे भट्टी, झाकून धूर कोंडून भाजायचा, त्यामुळे त्याची सुगडं काळीभोर असत. बारा दिवसांपूर्वी त्यात ऊस-बोरं-हरभरा भरून पुजली होती, आता रिकामी होती.

"तुझी आहेत का गं शिल्लक?" काकूंनी मला विचारलं.

मी उत्तर न देता घरी पळाले. परत आले तेव्हा त्यांची सुगडं पाण्यात बुडवलेली होती.

"मातीचं भांडं उशिरा तापते बाई," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"तापलं की धरून तर ठेवतं?"

"थे त हाये. जमिनीसारखं."

दोन सुगडांत डाळ, दोहोंत तांदूळ, एकात वांगं-बटाटा, एकात दूध-गूळ घातलेल्या शेवया. वर मातीच्या पणत्यांची झाकणं. सहा काळी बोळकी त्या काळ्या डब्यात अशी बसली जशी कोंबडीखाली अंडी. काच लागली. आरसा उघडला. घड्याळात नऊ वाजले होते.

"म्हणजे सूर्याच्या सणाला सूर्याकडूनच रांधून घ्यायचं, अन नैवेद्य त्यालाच दाखवायचा?" जाऊबाई म्हणाल्या. "हे कोणत्या शास्त्रात बसतं?"

"गंगेत उभं राहून गंगेचंच पाणी ओंजळीत घेतो अन तिलाच अर्घ्य देतो की, जाऊबाई."

रुख्मिणीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. जाऊबाई हसल्या नाहीत, पण शास्त्र पुन्हा काढलं नाही.

दहाला मास्तर आले, खिशाला कागदी झेंडा. चकचकीत गंज पाहिला, वहिनींकडे पाहिलं, खोक्यातल्या सुगडांकडे पाहिलं. मग गुडघ्यावर बसून खडूच्या रेघेवर खोका सरळ केला आणि पोळ्या करायला आत जाऊन दार लावून घेतलं.

नैवेद्य होईपर्यंत जाऊबाईंना पाणीसुद्धा चालत नव्हतं. अकरा वाजता त्या उठल्या. "एकदा बघू दे."

"नाही."

"अगं, नुसतं बोट लावते. तुझ्या लग्नाआधीपासून रांधते आहे मी. कच्चं असलं तर वेळेत कळेल तरी."

त्यांचा हात काचेपर्यंत गेला. आणि सिंधूकाकूंनी तो मनगटाशी धरला. पंधरा वर्षांत ज्या बाईनं थोरल्या जावेसमोर आवाज चढवला नव्हता, ती म्हणाली, "जाऊबाई, झाकण उघडायचं नाही. हे घर माझं आहे. अन आज शिजलं नाही तर तुमच्या मागोमाग मुकाट्यानं येईन. पण तोवर हात लावायचा नाही."

रुख्मिणीबाईंनी तुपाचा डबा उगाच या हातातून त्या हातात घेतला. मग जाऊबाई खाली बसल्या, तिथेच, खोक्याशेजारी उन्हात.

"माझी धाकटी बहीण," त्या म्हणाल्या, कुणाकडेच न बघता. "कुसुम. तिलाही असाच खोकला. धामणगावला दिली होती. मी दर वेळी म्हणायचे, घेऊन येते तुला, घेऊन येते. तिच्या घरचे म्हणायचे, पुढच्या महिन्यात. चुलीपुढेच गेली. हातात फुंकणी होती."

काकूंनी धरलेलं मनगट सोडलं नव्हतं. आता त्यांनी ते सोडून हात हातात घेतला.

"म्हणून मी या वेळी विचारायला नाही आले," जाऊबाई म्हणाल्या. "न्यायलाच आले."

बारा वाजले. खोका पुढच्या रेघेवर सरकला. "बडनेरा," काकू सवयीनं पुटपुटल्या. जाऊबाई काकूंकडे टक लावून बघत होत्या. मग एकाएकी म्हणाल्या, "तू मघापासून खोकली नाहीस."

"हं?"

"मी आल्यापासून मोजते आहे. काल रात्री दोनदा. सकाळी मी दूध उतू घालत होते तेव्हा एकदा. त्यानंतर नाही. स्वयंपाक करते आहेस, या तुझ्या उन्हाच्या चुलीपुढे बसली आहेस, अन खोकली नाहीस."

काकूंच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

पाऊण वाजता काच पांढरी झाली, आतून वाफेनं. दीडला मास्तर म्हणाले, "आता." काच उघडली तसा तुरीचा, ओल्या मातीचा, गुळाचा असा एकत्र वास आला की रुख्मिणीबाईंनी डोळेच मिटले. जाऊबाईंनी डाळीचा दाणा बोटांत धरून दाबला. त्यांनी बोट पुसलं आणि म्हणाल्या, "नैवेद्य काढा."

पंगत ओसरीवरच बसली. पोळी सिलोनच्या आकाराची होती. जाऊबाईंनी वरण-भाताचा पहिला घास घेतला.

"मीठ कमी आहे."

काकूंचा चेहरा उतरला. झाकण न उघडता चव कशी बघणार?

"पण वाढ अजून," जाऊबाई म्हणाल्या. "मीठ वरून घेता येतं."

तीनला टांगा दारात आला. टांगेवाल्यानं ट्रंक उचलायला हात घातला. जाऊबाई गरजल्या, "ती ठेव खाली! कुणी सांगितलं तुला?" मग काकूंकडे वळून, "पण पावसाळ्याचं काय? तुझे नारायण ढगात गेले म्हणजे?"

मास्तरांनी आभाळाकडे पाहिलं.

"आषाढ लागला की मी येते. चार महिने माझ्याकडे. दिवाळीला परत आणून सोडीन. तेवढं तरी ऐकशील?"

"ऐकीन," काकू म्हणाल्या. "अन मास्तर..."

"चार महिने मी नकाशे खाईन," मास्तर म्हणाले. "पण वहिनी, एक विचारतो. ही ट्रंक आता रिकामीच होणार ना? पत्रा फार चांगला आहे हो तिचा. भात वेगळा लावता येईल."

आणि खरंच, आठवड्याभरात ती ट्रंक आतून काळी होऊन, रुई भरून, काच लावून अंगणात पहिल्या खोक्याशेजारी बसली. त्यानंतर कित्येक आषाढांत काकू अमरावतीला गेल्या त्या बोचकं घेऊन. "काय करू, ट्रंकेत भात आहे," असं सांगून.

पण त्या दिवशी जाताना जाऊबाईंनी टांग्यात बसून हात पुढे केला होता. "तो गंज दे इकडे. मी बिघडवला, मीच नीट करीन."

महिन्याभरानं अमरावतीहून कुणीतरी येताना तो घेऊन आलं. जुन्या पातळात गुंडाळलेला. आम्ही दोघींनी तो अंगणात उलगडला. काळा कुळकुळीत. सोबत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी: "चार थर दिले. काजळ मी स्वतः धरलं, स्वयंपाकिणीला हात लावू दिला नाही. घरी येणाऱ्या सगळ्या बाया विचारतात, वकिलीणबाई, बोटांना काय लागलंय. मी सांगत नाही. मिठाची पुडी सोबत ठेवली आहे, पाण्यात आधीच घाल म्हणजे उघडावं लागणार नाही."

काकूंनी गंज उलटा करून पाहिला. बुडाशी तेल ओलं असताना धरल्यामुळे पाच बोटं उमटली होती, लांब, ठसठशीत. तेवढ्या जागी काजळ पातळ झालं होतं आणि पितळ मिणमिणत होतं.

"इथे परत लावायला हवं," मी म्हटलं. "काजळ धरू का?"

"नको," काकू म्हणाल्या. "राहू दे. तेवढ्यानं दहा मिनिटं उशीर होईल, होऊ दे."

त्यांनी त्यात डाळ घातली, पाणी घातलं, पुडीतलं मीठ घातलं, आणि काच लावून आभाळाकडे हात जोडले.

"नारायणा, हा जाऊबाईंचा गंज आहे बरं का. सांभाळून."